छत्रीच्या खुर्चीवरची काकू

आमचा मतदारसंघ नकाशावर चपलेसारखा दिसतो. टाच खाली नदीकाठी, तिथं कारखाना, बाजारपेठ आणि डांबरी रस्ते. पुढचं टोक वर डोंगरात, तिथं यातलं काहीच नाही. आमचं गाव मधल्या पट्ट्यात, जिथं चप्पल सगळ्यात आधी तुटते. आजवर कोण निवडून येणार हे टाचेनं ठरवलं आणि चप्पल चावली मात्र आम्हाला.

पहिल्या निवडणुकीत कारखान्याचे मालक उभे राहिले. समोर उभं राहायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून एकही मत न पडता ते निवडून आले. त्यांचं चिन्ह शिडी. दुसऱ्या वेळी त्यांच्या मेहुण्यानं छत्री हातात घेऊन बंड केलं. ते भांडण खरं तर एका सामाईक विहिरीचं होतं, घरात मिटलं असतं तर बरं झालं असतं, पण मिटलं नाही आणि मतदारसंघाला दोन पक्ष मिळाले. मेहुणा पडला. मालक वारले तेव्हा पोटनिवडणूक लागली आणि त्यांचा मुलगा सभेसभेत रडत निवडून आला. पुढच्या वेळी तो न रडताच निवडून आला, तेव्हा शिडीवाल्यांच्या लक्षात आलं की रडायची तशी काही गरज नव्हती.

मग एका पावसाळ्यात नदीवरचा नवाकोरा पूल वाहून गेला. बांधणारा मालकांचा जावई होता. त्या रागात टाचेनं आणि टोकानं पहिल्यांदाच एकत्र मतं दिली आणि छत्रीचा वकील निवडून आला. आमच्या गावानं तर गल्लीगल्लीत नाच केला. वर्ष उलटायच्या आत वकील शिडीवर चढला. जोराचा वारा आला की छत्री उलटी होते, हे आम्हाला आधी कळायला हवं होतं.

माझा काका या वकिलाचा उजवा हात होता. गावच्या शाळेतल्या बूथवर छत्रीचा पोलिंग एजंट म्हणून तोच बसायचा. एजंटचं काम ऐकायला सोपं आहे. मतदार आत येतो, कारकून त्याचा क्रमांक आणि नाव मोठ्यानं वाचतो, आणि बाकावर बसलेल्या प्रत्येक पक्षाच्या माणसानं बघायचं की आलेला माणूस खरंच तो आहे का. नसेल तर हरकत घ्यायची. अधिकारी दरवेळी परगावचे असतात, ते गावातलं कुत्रंसुद्धा ओळखत नाहीत. तेव्हा एजंटचे डोळे हाच काय तो पुरावा.

वकील शिडीवर चढला, शहरात बंगला घेऊन राहिला आणि काका त्याच्यामागून गेला. "दोन महिन्यांत बस्तान बसवतो आणि तुला घेऊन जातो," असं काकूला सांगून गेला. काकाला मी अहो-जाहो करत नाही, घरातले मला त्यावरून बोलतात, पण जीभ वळत नाही त्याला मी काय करू? पहिल्या वर्षी त्याचे निरोप आले. मग निरोप आणणारेही नजर चुकवायला लागले.

काकूनं मूल नाही, नवरा नाही म्हणून रडगाणं गायलं नाही. सासऱ्यांची पिठाची गिरणी बंद पडली होती, ती तिनं सुरू केली. सगळं गाव दळायला तिच्याकडं यायचं. डबा उतरवून घेताना ती माणसाच्या तोंडाकडं बघायची आणि एकदा बघितलेलं तोंड विसरायची नाही. कुणाचा जावई, कुणाचा आतेभाऊ, कोण कुणासारखं दिसतं, सगळं तिला ठाऊक. पुढची निवडणूक आली तेव्हा छत्रीची खुर्ची रिकामी होती. वकिलानं तोंड काळं केल्यावर छत्रीचा म्हणवून घ्यायला गावात कुणी तयार नव्हतं. काकू म्हणाली, "ते येईपर्यंत मी बसते."

ती निवडणूक आमच्या मतदारसंघातली सगळ्यात वाईट. दुपारी शिडीवाल्यांनी परगावची माणसं ट्रकमधून आणली, छत्रीवाल्यांनी दार अडवलं आणि काठ्या निघाल्या. मतपेटी शाळेमागच्या विहिरीत गेली. शिडीचा एजंट म्हणजे आमचे टेलरमामा, चौकात त्यांचं शिवणकामाचं दुकान. त्यांच्या धाकट्या भावाचा एक डोळा त्या दुपारी गेला. काठी कुणाची होती ते कधीच कळलं नाही, आमच्या बाजूची होती एवढं नक्की.

फेरमतदान ठरलं. त्याच्या आदल्या दिवशी काकू गिरणी बंद करून टेलरमामांच्या दुकानात गेली. गल्लीतल्या बायका दारांत येऊन बघत होत्या. तिथं दोघांचं जे ठरलं ते पुढं आमच्या बूथचा कायदाच झाला. दोघांपैकी एकानं "हा तो नाही" म्हटलं की दुसऱ्यानं वाद घालायचा नाही, आणि ते खोटं कुणीच म्हणायचं नाही. बस्स. कागद नाही, साक्षीदार नाही. पण त्या दिवसापासून आमच्या बूथवर काठी उचलली गेली नाही. आजूबाजूच्या गावांत डोकी फुटत राहिली आणि आमच्याकडं काकू आणि टेलरमामा एका बाकावर बसून एकाच थर्मासमधला चहा पीत राहिले.

याचा पहिला प्रसाद माझ्या वडिलांना मिळाला. त्यांच्या एका चुलतभावानं कामासाठी गाव सोडलं होतं. छत्रीचंच एक मत वाया जाऊ नये म्हणून वडील त्याच्या नावानं बूथवर गेले. काकूनं वर बघितलं आणि म्हणाली, "हा तो नाही. हा माझा दीर." वडील पाय आपटत घरी आले. "आपलेच दात आणि आपलेच ओठ," एवढंच आठवडाभर म्हणत राहिले. पुढच्या वेळी टेलरमामांनी स्वतःच्या पुतण्याला परत पाठवलं तेव्हा कुठं त्यांचा राग थोडा उतरला. गावानं काकूचं नाव चाळण ठेवलं होतं. खडा असेल तर तो चाळणीत अडकणारच.

आता या चाळणीला एक भोक होतं आणि ते सगळ्या गावाला माहीत होतं. मतदार यादी दुरुस्त करायची वेळ आली की शाळेतले गुरुजी घरोघर फिरायचे. मेलेल्यांची नावं काढायची, गाव सोडून गेलेल्यांची काढायची. याबाबतीत काकू गुरुजींच्याही पुढं. अमक्याची मुलगी लग्न होऊन गेली, तमका शहरात घर बांधून बसला, काढा नाव. मग गुरुजी आमच्या उंबऱ्यात यायचे आणि खाली बघून विचारायचे, "आणि काका?"

"आहेत," काकू म्हणायची. "कामासाठी बाहेर असतात."

गुरुजी पुढच्या घरी जायचे. टेलरमामांनीही कधी हरकत घेतली नाही. दर मतदानाला संध्याकाळी यादीत त्या नावापुढं कोरी जागा राहायची. मला मात्र ते सहन व्हायचं नाही. एकदा मी तिला तोंडावर म्हटलं, "काकू, सगळ्या गावाला एक न्याय आणि तुझ्या नवऱ्याला दुसरा?" तिनं दळणाचा डबा तेवढा माझ्या हातात दिला. नाव काढायचं तर तो गेला हे तिलाच तिच्या तोंडानं सांगावं लागलं असतं, हे कळायचं माझं वय तेव्हा नव्हतं आणि कळलं तेव्हाही राग गेला नाही.

या खेपेला मात्र कधी नव्हे ते छत्रीला बरे दिवस दिसत होते. शिडीकडून मालकांचा नातू उभा होता, ज्याला मतदारसंघाचे रस्तेही माहीत नव्हते. छत्रीकडून दवाखान्यातल्या नर्सबाई. अर्ध्या मतदारसंघाची बाळंतपणं त्यांच्या हातची. डोंगरातल्या म्हाताऱ्या त्यांच्यासाठी चालत खाली यायला तयार होत्या. दोन्हीकडचे लोक एकेका मतासाठी घरं पालथी घालत होते. मतदान तोंडावर आलं तेव्हा छत्रीचे अध्यक्ष स्वतः गिरणीत आले आणि काकूला म्हणाले, "वहिनी, या वेळी जरा डोळ्यात तेल घालून बसा."

"मी कधी डोळे मिटून बसले?" काकूनं विचारलं आणि पट्टा चालू केला. गिरणीच्या आवाजात अध्यक्षांचं पुढचं भाषण वाहून गेलं.

मतदानाच्या दिवशी दुपारी गर्दी ओसरल्यावर मी मत द्यायला गेले. वर्गात फळ्यावरचा पाढा तसाच होता. बायकांच्या रांगेत मी सगळ्यात पुढं उभी होते. बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला आणि शिडीचा बिल्ला लावलेल्या एका माणसानं कुणाला तरी दारापर्यंत आणून सोडलं. आत आला तो डोक्याला टक्कल पडलेला, पोट सुटलेला, धुवट शर्टातला माणूस. कारकुनानं क्रमांक वाचला. मग नाव वाचलं.

माझ्या काकाचं नाव.

चेहऱ्यावरून मला तो ओळखू आला नसता. पण आमच्या घरातले सगळे पुरुष जसे उजव्या खांद्यावर कललेले उभे राहतात, तसा तो उभा होता. मी काकूकडं बघितलं. तिच्या हातातली पेन्सिल यादीवर टेकलेली होती आणि ती त्याच्याकडं बघत होती. टेलरमामा जमिनीकडं बघत होते. तेव्हाच मला कळलं की मामांना हे आधीपासून माहीत आहे.

केंद्राध्यक्ष तरुण पोरगा होता. ओळखीच्या कागदावरचा फोटो फार जुना आहे असं तो म्हणाला आणि बाकाकडं वळला. "एजंट, काही हरकत?"

मी मनातल्या मनात ओरडत होते, म्हण ना, हा तो नाही. एवढे तीन शब्द. टेलरमामा ठरल्याप्रमाणं वाद घालणार नाहीत. परगावचा पोरगा माणसाला परत पाठवेल. जीपमधून आला तसा जीपमधून जाईल. शिडीचं एक मत कमी होईल, आणि ज्यानं तुला इतकी वर्षं वाऱ्यावर सोडलं त्याला गावासमोर चालतं केल्याचं समाधान मिळेल. आणि ते पुरतं खोटंही झालं नसतं. हा माणूस इथं राहत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण इथं राहतो हे सांगणारी तीच होती.

केंद्राध्यक्षानं पुन्हा विचारलं. "बाई, ओळखता का यांना?"

"हो," काकू म्हणाली. "तेच आहेत."

कारकुनानं त्याच्या बोटाला शाई लावली. तो आडोशामागं गेला, मत टाकलं आणि बाहेर पडला. काकूकडं त्यानं बघितलं नाही. पुढचा क्रमांक माझा होता. माझं नाव वाचलं गेलं आणि काकूनं भलत्याच ओळीवर खूण केली. टेलरमामांनी यादीवर बोट ठेवून बरोबर ओळ दाखवली. मी मत दिलं आणि बाहेर आले. मला इतका राग आला होता की कुणाचा आला आहे तेच कळत नव्हतं.

काका शाळेच्या कठड्यावर बसला होता. जीप निघून गेली होती, त्यानंच तिला जायला सांगितलं असावं. गावातले लोक लांबून बघत होते, जवळ कुणी जात नव्हतं. मीही गेले नाही, पण तिथून हललेही नाही. मतदान संपलं, पेटी सील झाली, काकूनं सही केली आणि ती बाहेर आली. ऊन अजून उतरलं नव्हतं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"जेवलात?" तिनं विचारलं.

"हो. जीपमध्ये पाकिटं दिली त्यांनी."

तो म्हणाला, "मला वाटलं होतं, तू नाही म्हणशील."

"तुम्ही असताना नाही कसं म्हणू?"

"मी शिडीवाल्यांच्या ट्रकवर कामाला आहे. यादी घेऊन आले ते. म्हणाले, गावात तुझं मत आहे अजून. मी म्हटलं, कसं असेल? तर खरंच नाव होतं." त्यानं शाईचं बोट अंगठ्यानं चोळलं. "मग वाटलं, तू ठेवलंस म्हणजे, म्हटलं, घर अजून..."

"तिकडं कोण आहे?"

"दोन मुली आहेत," तो म्हणाला. "त्यांची आई आहे."

काकूनं मान हलवली. बाजारभाव ऐकल्यावर हलवावी तशी. "मग शेवटची गाडी चुकवू नका. त्या वाट बघत असतील."

"आणि नाव?"

"ते मी तुमच्यासाठी जपलं होतं," काकू म्हणाली. "तुम्ही आज ते वापरून टाकलंत."

तो उठला आणि स्टँडकडं गेला. उजव्या खांद्यावर कलून. काकू घरी आली. आईनं वाढलेलं ताट मी तिच्यासमोर ठेवलं आणि तसंच उचललं.

नर्सबाई पडल्या. एका मतानं नव्हे, पण फार मतांनीही नाही. टाच आणि टोक पुन्हा वेगळे झाले आणि मालकांचा नातू मिरवणुकीतून हात हलवत गेला. हरलेल्या पक्षाला दोष द्यायला एक माणूस लागतो. अध्यक्ष चार जणांना घेऊन अंगणात आले. वडीलही त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. "वहिनी, ते नाव यादीत ठेवलंच नसतंत तर ही वेळ आली नसती," वडील म्हणाले. ते खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं.

अध्यक्ष म्हणाले, "ते जाऊ द्या. त्या दिवशी एक शब्द बोलला असता तर काय जीभ झडली असती? सगळा मतदारसंघ हसतोय. छत्रीची एजंट स्वतः शिडीला मत मिळवून देते."

"आणि पुढच्या वेळी टेलरनं तुमच्या आईला 'ही ती नाही' म्हटलं तर?" काकूनं विचारलं. "तेव्हा कुणाची काठी काढणार? एक डोळा गेला तेवढा पुरे नाही का?"

अध्यक्षांकडं अधिकार होता. पुढच्या निवडणुकीपासून छत्रीच्या खुर्चीवर त्यांचा भाचा बसेल, असं तिथंच जाहीर झालं. काकू ठीक आहे म्हणाली आणि गिरणीत गेली. मला वाटलं होतं ती निदान भांडेल. इतक्या वर्षांची खुर्ची, आणि लोकांनी ती लोण्यातून केस ओढावा तशी सहज काढून घेतली. मी भांडले, अध्यक्षांना नको ते बोलले, वडिलांनी मला आत ओढून नेलं.

त्यानंतर काही दिवसांनी टेलरमामा गिरणीत आले. हातात दळणाचा डबा नव्हता. मी जात्याजवळ पीठ भरत होते. त्यांना बघून काकूनं पट्टा थांबवला.

"वहिनी, मीही पुढच्या वेळी बसणार नाही," ते म्हणाले. "सांगून टाकलं आमच्या लोकांना."

"तुम्ही कशाला सोडता? तुमची माणसं निवडून आलीत."

"तुमच्याशिवाय त्या बाकावर बसवणार नाही मला." ते उभेच होते. मी पुढं केलेल्या स्टुलाकडं त्यांनी बघितलंही नाही. "एक सांगायचं होतं. त्यांना आणणार हे मला सकाळीच कळलं होतं. तुमच्या शेजारी बसून चहा प्यालो, पण सांगितलं नाही. आपल्यात जे ठरलं होतं त्यात हे बसत नव्हतं, असं मी स्वतःला समजावलं. पण मनाला पटलं नाही. तुम्ही मला काय वाटेल ते बोला."

मला वाटलं आता तरी ती बोलेल. इतके दिवस मीच तिच्या वाटचा राग सांभाळत होते, तो तिनं एकदाचा घ्यावा असं मला वाटत होतं. काकूनं हात पदराला पुसले.

"सांगायला हवं होतं तुम्ही," ती म्हणाली. "त्या दिवशी मी गिरणीतून तशीच उठून आले होते. घरी जाऊन केस तरी विंचरून आले असते."